टिटव्यांची राखण

माझ्या सुनेला तिच्या मंडळात पहिल्यांदा एक काम एकटीच्या अंगावर मिळालं, ते टिटव्यांची अंडी राखायचं. ते काम जवळजवळ बुडालं होतं आणि बुडवणारी मी होते.

मुलगा हॉलंडमध्ये नोकरीला. रॉटरडॅमला लागून कापेल म्हणून गाव आहे, तिथे त्याचं घर. नवरा गेल्यावर मुलाने मला दर वर्षी तीन महिने तिकडे न्यायला सुरुवात केली. तीनच महिने, कारण व्हिसा तेवढाच देतात. त्या वर्षी मी मार्चच्या मध्यात गेले. थंडी होती. दोन स्वेटर घालून मी खिडकीशी बसायचे आणि सुनेला वाटायचं, म्हातारीला करमत नाही. मला करमत होतं. फक्त काम नव्हतं.

सून पुण्याची. लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर गेली, चार-पाच वर्षं घरात होती. मग डच शिकली आणि आता वस्तीतल्या डॉक्टरकडे, तिकडे त्याला हाउसआर्ट्स म्हणतात, फोनवर बसते. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी येते. तरी महिन्यातून एका शनिवारी सकाळी ती मंडळात जायचीच. हे मंडळ लोकसेवेचं. म्हाताऱ्यांना फिरायला नेणं, शाळेसाठी पुस्तकं गोळा करणं, झाडं लावणं असली कामं. वीसेक माणसं, सगळी डच, बहुतेक माझ्या वयाची. त्यांत ही एकटी पस्तिशीची आणि एकटी सावळी.

"तू तिथे काय करतेस?" मी एकदा विचारलं.

"मदत करते."

"म्हणजे काय?"

"खुर्च्या लावते. आणि आई, त्यांना माझे समोसे फार आवडतात."

"किती वर्षं?"

"तीन."

 तीन वर्षं समोसे म्हणजे फार झालं, हे तिलाही कळत असावं.

मुलगा कामासाठी बाहेरगावी होता म्हणून मार्चच्या सभेला तिने मलाही नेलं. लांबट टेबल, प्रत्येकासमोर एक कागद. कागदावर विषय आणि प्रत्येक विषयापुढे किती मिनिटं बोलायचं तेही छापलेलं. अध्यक्ष म्हणून एक उंच बाई होती, पंचाहत्तरीची, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं. आपल्याकडे हळदीकुंकवाला नुसतं 'बसा, बसा' म्हणण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात त्यांचे चार विषय संपले.

पाचव्या विषयाला एक म्हातारे गृहस्थ उठले. निवृत्त शाळामास्तर. गावाबाहेरच्या कुरणात टिटव्या जमिनीवर अंडी घालतात आणि गवत कापायच्या यंत्राखाली ती चिरडतात, ते सांगायला आले होते. घरटी शोधून खूण करायची, मग शेतकरी तेवढं गवत सोडून कापतो. मास्तरांकडे माणसं कमी होती. मंडळाने माणसं द्यावीत आणि मंडळातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं, अशी त्यांची मागणी. कोणी घेईना. कोणाचे गुडघे, कोणाचा कंबरेचा पट्टा. तेवढ्यात माझ्या सुनेने हात वर केला. सगळ्यांनी माना वळवल्या. अध्यक्ष बाईने काहीतरी विचारलं, हिने हो म्हटलं आणि बाईने कागदावर हिचं नाव लिहिलं. हिचे कान लाल झाले होते.

त्यांच्याकडे सभेच्या शेवटी एक फेरी असते. टेबलाभोवती एकेकाला विचारतात, काही बोलायचं आहे का? नसलं तर नाही म्हणायचं, पण विचारतात सगळ्यांना. मी कोपऱ्यात बसले होते, मलाही विचारलं.

"खिडकी लावा म्हणावं. गार वारा येतोय," मी म्हटलं.

सुनेने डचमध्ये सांगितलं. ते बरंच लांबलं आणि सगळे माझ्याकडे बघून हसले.

"काय सांगितलंस?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"तुम्हाला इथे येऊन फार आनंद झाला असं."

"आणि खिडकी?"

"आई, प्लीज."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही कुरणावर गेलो. ते गावाच्या कडेलाच आहे, घरापासून चालत वीस मिनिटं. जमीन सपाट, मधेमधे पाण्याचे सरळ चर, आणि एका बाजूला उंच बांध, त्यावरून चालायची वाट. शेतकरी फाटकाशी उभा होता. साठीचा माणूस, हात फावड्यासारखे, बोलणं मोजून मापून. तो मास्तरांशी बोलला नाही, काम कोणी घेतलंय म्हणून त्याने विचारलं आणि सुनेला सांगितलं, "हे वर्ष बघतो. पिल्लं निघाली तर पुढच्या वर्षीही गवत राखीन. नाही निघाली तर मी माझं गवत कापीन आणि तुम्ही लोकांनी इथे यायचं नाही."

सून मान हलवत राहिली. तिने आयुष्यात शेतात पाय टाकला असेल तर तो फोटो काढायला. घरटं कसं दिसतं हे तिने आदल्या रात्री फोनवर बघितलं होतं.

"आई, तुम्ही बांधावर बाकावर बसा. चिखल आहे."

मी बसले. मास्तर, सून आणि मंडळातली आणखी तिघं ओळीने, हातभर अंतर सोडून, खाली बघत कुरणातून चालायला लागली. हरवलेली सुई शोधावी तशी. आणि वरून ती ओरडत गेली. मी ओळखली. तिकडच्या टिटवीच्या डोक्यावर तुरा असतो आणि पाठ हिरवट चमकते, पण उडायची तऱ्हा तीच, कांगावा तोच. आपल्याकडे ती ओरडली की बायका बोटं मोडतात. इथे तिच्यासाठी शिकलेली माणसं गमबूट घालून हिंडत होती.

चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी माळावर शेरडं राखायला जायला लागले. टिटवीची अंडी शोधणं हा आमचा खेळ होता. खाली बघून ती सापडत नाहीत, कारण ती मातीसारखीच असतात. टिटवीकडे बघावं लागतं. ती घरट्यावर कधी उतरत नाही. लांब उतरते, इकडेतिकडे काही नाही असं दाखवते, मग मान खाली घालून पळते आणि एका जागी बसते. ती बसली की त्या जागेवरची नजर काढायची नाही. मी बाकावर बसून दोन जागा धरल्या, मग चपला काढून ठेवल्या, बरोबर आणलेले मुलाचे गमबूट घातले, आणि नीट चालत गेले. खळग्यात चार अंडी, टोकं आत करून.

मास्तर धावत आले. त्यांनी अंडी बघितली, मग मला बघितलं आणि बोलत सुटले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तुम्ही कुठे शिकलात?"

"सांग, शेरडांमागे."

खूण करायची रीत मास्तरांनी दाखवली. घरट्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच पावलांवर बांबूची एकेक काठी रोवायची. घरट्याजवळ नाही, कारण कावळे हुशार, काठी दिसली की अंडं आहे हे ते शिकतात. आत आठवड्यातून एकदाच जायचं, जास्त थांबायचं नाही. हे सगळं सुनेने मला नीट समजावून सांगितलं. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

एप्रिलच्या मध्यापर्यंत अकरा घरटी झाली, त्यांतली सात मला सापडलेली. सून मंडळात फोन करून सांगायची आणि त्यात माझा उल्लेख ऐकू यायचा. घरी आल्या-आल्या ती आता पर्स ठेवायच्या आधी मला विचारायची, उद्या हवा कशी असेल, टिटव्या बसतील का? दहा वर्षांत आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं. भांडण नव्हतं आमचं. बोलायला काही नव्हतं.

आता कावळ्यांचं सांगते.

माझा नवरा जेवायला बसला की पहिला तुकडा दाराबाहेर कावळ्याला टाकायचा. धर्म म्हणून नाही. एक कावळा यायचा आणि हा त्याच्याशी बोलायचा, एवढंच. नवरा गेल्यावर मी तो तुकडा टाकत राहिले. हात जातो. कापेलला मी भाकरी करायचे, पीठ बरोबर नेलेलं असायचं, आणि पहिला तुकडा मागच्या अंगणात ठेवायचे. दोन दिवसांत तिथे समुद्रपक्ष्यांची झुंबड उडाली. शेजारीण दारात आली आणि गोड आवाजात म्हणाली, तुमच्याकडे फार पाहुणे येतात. सुनेने मला हात जोडले. मग मी तुकडा कागदात बांधून सकाळी फिरायला जाताना न्यायला लागले. कुरणाच्या फाटकाच्या खांबावर ठेवायचे. तिकडचे कावळे आपल्यासारखे करड्या मानेचे नाहीत, काळेकुळकुळीत, डोमकावळे. दोघे यायचे. मग चार.

आणि तुकडा ठेवला की मी फाटकातून आत जायचे. रोज. बाळंतिणीला दोन मिनिटं बघून यावं, तसं माझ्या सातही घरट्यांवर वाकून यायचे. सून कामावर असायची, मास्तर घरी. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

एप्रिल संपत आला तेव्हा एकेका घरट्यातली अंडी जायला लागली. रिकामा खळगा आणि कडेला कवच. आठवड्याभरात पाच घरटी गेली. मास्तर म्हणाले कोल्हा असेल. मंडळातलं कोणी म्हणालं मांजर. सून रोज रात्री फोनवर कोल्ह्यांबद्दल वाचत बसायची आणि तिचं जेवण कमी झालं.

एका सकाळी मी आत जाऊन आले आणि बांधावर चढून दम खायला बसले. खांबावरचा तुकडा संपला होता. कावळे उडाले नव्हते. एक कुरणात उतरला आणि चालायला लागला. मी जिथून चालले होते तिथूनच. मी जिथे वाकले होते तिथे थांबला. मी ओरडले, चप्पल फेकली, ती चरात पडली. तोपर्यंत त्याच्या चोचीत अंडं होतं.

मी मनात मोजलं. हे धरून सहा घरटी गेली होती आणि सहाही माझी होती. दुसऱ्यांनी शोधलेली चार जागच्या जागी होती.

संध्याकाळी सून कांदा चिरत होती. मी म्हटलं, "अंडी माझ्यामुळे गेली."

"असं काही मनात आणू नका."

"मनात नाही, डोळ्यांनी बघितलं." आणि मी सगळं सांगितलं.

तिची सुरी थांबली. "रोज? तुम्ही रोज आत जात होतात?"

"हो."

"मास्तरांनी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं."

ती स्टुलावर बसली. उरलेला कांदा चिरून संपवला. मग म्हणाली, "शनिवारी सभा आहे. कोणाला सांगू नका. सगळ्यांना कोल्हाच वाटतोय, तर कोल्हाच राहू दे. तुम्ही फक्त परत जाऊ नका."

"कोल्हा म्हटलंस तर शेतकरी काय म्हणेल? कोल्ह्याला कोण अडवणार? कापतो गवत. मला अडवता येतं, कोल्ह्याला नाही."

"आई, खुर्च्या लावण्यापासून इथवर यायला मला तीन वर्षं लागली. आता म्हणतील, हिच्या सासूने कावळ्यांना जेवू घातलं. का घातलं विचारतील. मग मी काय सांगू? मेलेला माणूस कावळा होऊन येतो म्हणून?"

"तुझे सासरे कावळा कसले होतायत. आळशी माणूस. उडावं लागतं."

ती हसली नाही. रडली का ते मला सांगता येणार नाही, कांदा होता.

शनिवारच्या सभेला ती मला नेणार नव्हती. मी स्वेटर घालून दारात उभी राहिले, मग तिने गाडीचं दार उघडलं. 

टिटव्यांना कागदावर दहा मिनिटं दिली होती. मास्तरांनी सांगितलं ते सून मला हळू आवाजात सांगत होती. अकरापैकी सहा गेली. पाच उरली. बहुधा कोल्हा. शेतकरी म्हणतो, पाचासाठी एवढं कुरण अडवून ठेवणार नाही, सोमवारपासून सगळं कापतो. अध्यक्ष बाई हिच्याकडे वळली. तिने विचारलं असावं की काय झालं. सून उठली. मी तिचे हात बघत होते. ती कागद उलटा करत होती, सुलटा करत होती. थोडंसं बोलली आणि बसली.

"काय सांगितलंस?"

"नक्की माहीत नाही, म्हटलं."

कोल्हा तिच्या तोंडून निघाला नव्हता. मला बरं वाटलं. पण दहा मिनिटं संपली होती आणि बाईने पुढचा विषय घेतला.

शेवटची फेरी आली. एकेक जण नाही, नाही म्हणत होता. माझ्याकडे बाईने हसून बघितलं. मी उठले.

"सून सांगेल," मी मराठीत म्हटलं. "अंडी कोल्ह्याने खाल्ली नाहीत. मी रोज फाटकावर कावळ्यांना तुकडा ठेवत होते आणि मग घरट्यांवर जात होते. रोज जायचं नाही हे मला सांगितलं होतं. कावळे माझ्या मागे आले. चूक माझी आहे, हिला ठाऊक नव्हतं. उरलेली पाच राखता येतील, कारण मी यापुढे जाणार नाही."

मी बसले. सून बसूनच होती. तिने माझ्याकडे बघितलं. खिडकीचं ज्या सफाईने बदललं होतं तसं हेही बदलता आलं असतं, इथे कोणाला कळणार होतं? मग ती उभी राहिली आणि बोलायला लागली. सावकाश. तिने हात पुढे करून खांबावर तुकडा ठेवल्यासारखं केलं, मग दोन बोटांनी कावळा चालत येतो ते दाखवलं, मग वाकून दाखवलं. तेव्हा कळलं की तिने काही मागे ठेवलं नाही.

मास्तर लाल झाले. ते माझ्याकडे बघून ताडताड बोलले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, हा शुद्ध मूर्खपणा आहे. माझ्या शाळेतल्या मुलांनाही एवढं कळतं."

"असंच म्हणाले?"

"अगदी असंच."

"बरोबर आहे म्हणावं."

तिने तेही सांगितलं.  मग अध्यक्ष बाईने चष्मा काढून विचारलं, तुकडा कशासाठी? सून अडखळली. मी म्हटलं, सांग, नवऱ्याची सवय होती, तो गेला आणि सवय माझ्याकडे राहिली. ती ते बोलली. टेबलाच्या टोकाला एक अगदी जख्ख म्हातारी बसली होती, तिने विचारलं, कावळ्याने खाल्लं नाही तर?

"तर माणूस रुसलाय असं समजतात. आमचे हे बाकी कशावरूनही रुसायचे, खाण्यावरून कधी रुसले नाहीत."

ती म्हातारी खोकल्यासारखी हसली आणि मग बाकीचेही. मास्तर सोडून. बाईने घड्याळाकडे बघितलं आणि सभा पाच मिनिटं वाढवली. सून म्हणाली, हे तिने तीन वर्षांत पहिल्यांदा बघितलं. ठरलं ते असं की काम हिच्याकडेच राहील, कारण काय चुकलं ते हिला माहीत आहे, आणि शेतकऱ्याशी हिनेच बोलावं.

आम्ही तिथूनच त्याच्या गोठ्यावर गेलो. तो गाईंच्या पुढ्यात गवत सारत होता. सुनेने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सारणं न थांबवता त्याने ऐकलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी ट्रॅक्टरवरून रोज बघतो. ही बाई चालते, मागे कावळे चालतात. मला वाटलं, ते हिचेच आहेत."

"मग सांगितलं का नाही?" सुनेने विचारलं.

"कोणी विचारलं नाही."

हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला तो माणूस आवडला.

सोमवारी कापायचं त्याने पुढे ढकललं, दोन आठवडे. त्याची अट एकच, मी फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. मास्तरांनी निरोप पाठवून आणखी एक अट घातली, भाकरीचा कणसुद्धा नाही. दोन्ही मी पाळल्या. नवऱ्याला मनात म्हटलं, आता उपास. जिवंतपणी एकादशीला तुम्ही दोनदा जेवायचात, ते यात वळतं करा. कावळे आठ दिवस बांधावर माझ्या मागेपुढे चालले. त्यांतला एक अगदी बाजूने चालायचा, मान वाकडी करून माझ्या हाताकडे बघत. मी रिकामे हात दाखवायचे. नवव्या दिवशी तो आला नाही. मी उगीच दोनदा वळून बघितलं.

आता अडचण ही की अंडी गेलेल्या टिटव्या पुन्हा घालतात, आणि ती घरटी शोधायला मला आत जाता येत नव्हतं. मास्तर रुसलेले. मग सून आत आणि मी बांधावर बाकावर, कानाला फोन.

"उजवीकडे जा. अजून. थांबू नकोस, थांबलीस की तिला संशय येतो. दुसरीकडे बघत चाल."

"आई, दुसरीकडे बघून मला दिसणार कसं?"

"सुनेवर नजर ठेवायची तर सासू काय तोंडावर बघते? तसं."

"अच्छा! म्हणजे तुम्ही..."

"पुढे बघ, चर आहे."

ती पडली. गुडघ्यापर्यंत चिखल. तशीच उठली आणि चालत राहिली. पुढच्या शनिवारी मी फोनवर काही बोलायच्या आधीच तिने एक टिटवी उतरताना धरली, नजर न काढता उभी राहिली, मग सरळ रेषेत गेली. वाकली नाही. उभ्या-उभ्याच बघितलं आणि न थांबता पुढे गेली. मग फोनमध्ये हळूच म्हणाली, "चार आहेत." ते घरटं मास्तरांनी शोधलं नव्हतं, मी शोधलं नव्हतं. तिचं होतं.

आधीच्या उरलेल्या पाच घरट्यांतली तीन मेच्या मध्याला फुटली. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालायला लागतात, घरट्यात थांबत नाहीत, त्यामुळे आपल्याला रिकामा खळगा आणि बारीक कवचाचा चुरा तेवढा मिळतो. मास्तरांनी तो चुरा तळहातावर घेऊन बघितला आणि म्हणाले, कावळ्याने फोडलेलं असं नसतं, हे आतून फुटलंय. मग बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बाकीची दोन वाया गेली, एकात पाणी शिरलं होतं, दुसऱ्याचं कारण कळलं नाही.

उरलं ते सुनेचं. ते उशिराचं होतं आणि गवत गुडघ्याला लागलं होतं.

कापायच्या दिवशी तिने कामावर रजा टाकली. मास्तरही आले, अध्यक्ष बाईही सायकलवरून आली. मी बांधावर. शेतकरी यंत्र घेऊन आला, इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. एवढी मोठी माणसं उभी होती, पण त्याने कोणाकडे बघितलं नाही. हिच्याकडे आला आणि काहीतरी विचारलं. नंतर तिने सांगितलं, त्याने विचारलं, किती ठेवू?

तिने पावलं टाकून दाखवलं. इकडून पंधरा, तिकडून पंधरा. तो डोकं खाजवत उभा राहिला. मला वाटलं, आता म्हणेल दहा. तिलाही तसंच वाटलं असावं, पण ती तिथून हलली नाही. मग तो चढला आणि तिने दाखवलं तिथून वळला. सगळं कुरण तासाभरात भुईसपाट झालं आणि मधे तेवढा उंच गवताचा चौकोन राहिला. टिटवी वर घिरट्या घालत होती, ओरडत होती. यंत्र लांब गेलं तशी ती उतरली, चौकोनापासून लांब, आणि पळत आत गेली.

त्यानंतर दहाव्या दिवशी सून कामावर जायच्या आधी एकटीच कुरणावर गेली. मी फाटकाबाहेर थांबले. माझी परतायची तारीख जवळ आली होती, सामान अर्धं भरून झालं होतं. ती चरापर्यंत गेली, उभी राहिली, मग दोन्ही हात तोंडावर धरले. दोन टिटव्या एका कावळ्याच्या मागे लागल्या होत्या, वरून झडप घालत, आणि तो पळत होता. मी डोळे ताणून कापलेल्या गवताकडे बघितलं. मला काही दिसेना. माझी नजर लांबचं धरते, पण कापसाच्या बोंडाएवढं काही हालत असेल तर ते कुठलं दिसायला?

ती धापा टाकत परत आली.

"दिसली, आई! चालत चरात गेली. तीन."

"चार अंडी होती."

"तीन दिसली. चौथं आईच्या पोटाखाली असेल."

"नीट मोजलीस?"

"नीट मोजली."

मला दिसलं नव्हतं. ती तीन म्हणाली, म्हणजे तीन.